एमिलीबाईंची घरपट्टी: फॉकनरची एक कथा पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

आमच्या वाचनगटात नगरपालिकेच्या वसुली विभागातून निवृत्त झालेले एक काका आहेत. 'अ रोझ फॉर एमिली' ही कथा सगळ्यांनी वाचून यायचं ठरलं होतं. आल्या आल्या जो तो शेवटच्या परिच्छेदावर तुटून पडला. काका शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "ते राहू द्या हो. आधी मला सांगा, घरपट्टी माफ केली त्याचा ठराव कुठे आहे?" सगळे हसले. मग कुणीतरी पानं उलटून पाहिली, तर कथेतल्या नगरसेवकांचीही हीच अडचण होती. दप्तरात काही नोंदच नाही.

त्या दिवसापासून ही कथा कुणाला वाचायला द्यायची झाली की मी काकांच्या प्रश्नापासून सुरुवात करते. अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरची ही कथा बहुतेकांना भयकथा म्हणून माहीत असते. भयकथा ती आहेच. पण धक्का एकदाच बसतो. मिसिसिपीतलं एक गाव अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धानंतर कसं जगत होतं हे ठाऊक असेल, तर मात्र ही कथा दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा वाचताना जास्त घाबरवते.

पायरी १: आधी कथा, मग हा लेख

कथा वाचली नसेल तर इथेच थांबा आणि आधी ती वाचून या. मोठी नाही, दहा-बारा पानं, पाच छोटे भाग. एका बैठकीत होते. शब्दकोश उघडून बसू नका. फॉकनरची वाक्यं लांब असतात, प्रत्येक शब्दाला अडलात तर चाल हरवते. पहिल्या वाचनात एवढंच करा: जिथे 'हे मध्येच कशाला?' असं वाटेल तिथे समासात पेन्सिलीने एक टिंब द्या. चुना, उंदीर, एप्रन, टपालपेटी. अशी दहा-पंधरा टिंबं सहज होतील. पुढचं सगळं काम त्यांच्यावरच आहे.

कथेत काळ्या माणसांसाठी त्या काळच्या गोऱ्या गावकऱ्यांच्या तोंडचे अपमानास्पद शब्द येतात. ते वाचताना दचकायला होतं, व्हायलाच हवं. पण त्यांच्यावरून उडी मारून पुढे जाऊ नका. कोण कुणाला कसं संबोधतं यावरच गावाची सगळी उतरंड कळते.

आणि 'मिस एमिली' म्हणजे 'कुमारी एमिली' नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेत मोठ्या घरच्या बाईला पहिल्या नावाआधी 'मिस' लावतात. त्यात आदर असतो, आणि बाई आपल्या गावची असल्याची जवळीकही. मराठीत 'एमिलीबाई' म्हटलं की बरोबर बसतं.

इथून पुढे शेवट झाकून बोलणार नाही.

पायरी २: तारखांची चिठ्ठी करा

कथा मरणापासून सुरू होते, मग मागे जाते, आणखी मागे, थोडी पुढे, पुन्हा मागे. एक कोरा कागद घ्या, उभी रेघ ओढा आणि तिच्यावर एमिलीबाईंचं वय मांडत चला. सालं मांडायला जाऊ नका, कारण पूर्ण साल कथेत एकच आहे: १८९४. बाकी सगळं 'त्यानंतर दोन वर्षांनी', 'तीस वर्षांमागे' अशा बोलीतलं.

चिठ्ठी साधारण अशी होते. तिशी आली तरी लग्न नाही. मग वडील वारले. तीन दिवस बाई म्हणत राहिल्या की वडील गेलेलेच नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गावात फूटपाथ बांधायला होमर बॅरन नावाचा मुकादम आला. त्यानंतर औषधांच्या दुकानातून सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष. वडील गेल्याला दोन वर्षं झाली तेव्हा घरातून वास येऊ लागला. चाळिशीच्या सुमारास सहा-सात वर्षं चिनी मातीच्या भांड्यांवरच्या रंगकामाचे वर्ग. वास आला त्यानंतर तीस वर्षांनी घरपट्टी मागायला आलेलं शिष्टमंडळ. ७४व्या वर्षी मृत्यू. आणि माडीवरची एक खोली, जी ४० वर्षांत कुणी पाहिली नव्हती; आत पलंगावर होमरचं कुजून गेलेलं प्रेत.

७४ मधून ४० वजा करा. ३४ उरतात. म्हणजे खोली बंद झाली ती वास आला त्याच सुमाराला. एवढी वजाबाकी गावात कुणालाच जमली नाही, की कुणी करायचीच नाही असं ठरवलं होतं, हे बघायला आपण सहाव्या पायरीवर परत येऊ.

आता त्या रेघेवर १८९४ बसवून पाहा. त्या साली गावचे नगराध्यक्ष कर्नल सार्टोरिस यांनी बाईंची घरपट्टी माफ केली. वडील नुकतेच गेले असतील आणि बाई बत्तिशीच्या असतील असं धरलं, तर त्यांचा मृत्यू १९३६च्या आसपास येतो. कथा तर १९३०मध्ये छापून आली! मग वडील १८९४च्या बरेच आधी गेले आणि माफी मागाहून मिळाली, असं म्हणावं लागतं. मजकूर तेवढी सवड देतो, कारण माफी वडिलांच्या मृत्यूच्या दिवसापासून लागू केलेली आहे. पण तरीही सगळं जुळत नाही. शिष्टमंडळ आलं तेव्हा वर्ग बंद होऊन आठ-दहा वर्षं झाली होती, म्हणजे बाई पंचावन्न-सत्तावन्नच्या. आणि वासाला तीस वर्षं झाली होती, म्हणजे चौसष्टच्या.

या हिशोबावर अभ्यासकांनी एकमेकांशी न जुळणारे कितीतरी तक्ते केले आहेत. तुम्ही एकदा मांडा आणि सोडून द्या. मयताला जमलेली जुनी माणसं जशी सालं सांगतात, तशी ही सालं आहेत. कथेतही बाईंच्या अंत्यविधीला आलेल्या म्हाताऱ्यांना वाटत असतं की आपण तरुणपणी यांच्याबरोबर नाचलो होतो. गतकाळ त्यांच्या लेखी मागे सरत जाणारा रस्ता नाही, ते एक मोठं कुरण आहे, जिथे हिवाळा कधी पोचलाच नाही.

पायरी ३: त्या म्हाताऱ्यांच्या अंगावर काय आहे ते बघा

कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सैन्याचा गणवेश, तोही ब्रशने झाडून घातलेला. ही पार्श्वभूमी थोडक्यात समजून घ्यायलाच हवी.

९ जानेवारी १८६१ रोजी मिसिसिपी राज्य अमेरिकेच्या संघातून फुटून निघालं. साउथ कॅरोलायनानंतर फुटणारं ते दुसरंच राज्य. कारण शोधायला लांब जावं लागत नाही: १८६०च्या जनगणनेत तिथल्या ७,९१,३०५ लोकांपैकी ४,३६,६३१ माणसं गुलाम होती. राज्याची सगळी श्रीमंती कापसाची आणि कापूस त्यांच्या कष्टाचा. चार वर्षं युद्ध झालं, दक्षिण हरली, गुलामी संपली. फॉकनर ज्या ऑक्सफर्ड गावात वाढला तिथला चौक उत्तरेच्या सैन्याने ऑगस्ट १८६४मध्ये जाळला होता. कथेतलं जेफरसन गाव म्हणजे ऑक्सफर्डचंच काल्पनिक रूप. 'जेफरसनची लढाई' कुठे शोधू नका, ती फॉकनरने रचलेली आहे.

या युद्धाचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, अमेरिकन कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. शेअर बाजारात वेड्यासारखी तेजी उसळली. १८६५मध्ये तिकडे युद्ध संपलं, इकडे भाव कोसळले आणि भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. एमिलीबाईंच्या वडिलांच्या पिढीला ज्या युद्धाने धुऊन नेलं, त्याच युद्धाने मुंबईला चार वर्षं नाचवलं आणि मग आपटलं.

हरल्यानंतर सुमारे बारा वर्षं दक्षिणेत पुनर्रचनेचा काळ होता. काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. १८७०मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसलेले पहिले काळे सदस्य हायरम रेव्हल्स मिसिसिपीतूनच गेले. हे फार टिकलं नाही. १८७५ची निवडणूक गोऱ्यांनी धाकदपटशाने आणि रक्त सांडून जिंकली. १८९०मध्ये राज्याने नवी घटना केली: मत द्यायचं तर दोन डॉलर कर भरा, शिवाय घटनेचं कलम वाचून दाखवा किंवा त्याचा अर्थ सांगा, आणि तो पटला की नाही हे गोरा अधिकारी ठरवणार. काळ्यांचं मत कागदावर राहिलं.

आणि याच काळात हरलेल्या युद्धाची पोथी तयार झाली. आम्ही हरलो, पण आम्ही खानदानी होतो. आमचे पुरुष शूर, आमच्या बायका देवता. चौकाचौकात पुतळे उभे राहू लागले. ऑक्सफर्डच्या कोर्टासमोरचा १९०७चा. युद्धातल्या सैनिकांच्या लेकींनी ही आठवण जपण्यासाठी जी मोठी संघटना काढली, तिची स्थापना १८९४ची. फॉकनरने हेच साल का निवडलं ते माहीत नाही, योगायोगही असेल. पण चिठ्ठीवर लिहून ठेवा.

पायरी ४: एका वाक्यावर अर्धा तास

पहिल्या भागात ज्या वाक्यात घरपट्टी माफ झाल्याचं येतं, ते पुन्हा उघडा. कर्नल सार्टोरिस कोण, हे सांगण्यासाठी फॉकनर जाता जाता एक गोष्ट घुसवतो: हे तेच कर्नल, ज्यांनी फर्मान काढलं होतं की काळ्या बाईने एप्रन घातल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही.

एम.ए.ला असताना मी या तुकड्यावरून सरळ पुढे गेले होते. वर्गातही कुणी थांबलं नाही. आमच्या हातातल्या गाइडात 'घर म्हणजे जुनी दक्षिण, गुलाब म्हणजे प्रेम, धूळ म्हणजे काळ' अशी यादी होती, त्यात एप्रन नव्हता.

एप्रन म्हणजे स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईचं वस्त्र. काळी बाई बाजारात जावो, प्रार्थनेला जावो, आजारी बहिणीकडे जावो, पाहणाऱ्याला ती कुणाची तरी मोलकरीणच दिसली पाहिजे. गुलामी जाऊन तीस वर्षं होत आली होती, तरी कपड्यातून ती रस्त्यावर चालती ठेवायची. वस्त्रावरून माणसाची पायरी ठरवणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता वाक्याची बांधणी बघा. एकाच माणसाच्या एका हुकुमाने एका गोऱ्या बाईचा कर सुटतो आणि दुसऱ्याने गावातल्या सगळ्या काळ्या बायकांच्या अंगावर खूण चढते. दोन्ही गोष्टी एकाच दमात, एकाच स्वरात. सांगणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. त्याच्या लेखी कर्नल भला माणूस आहे आणि दोन्ही हुकूम भल्या माणसाने गावाची घडी नीट ठेवण्यासाठी काढलेले आहेत. एमिलीबाई सभ्य स्त्री ठरतात ती याच घडीत. समोर एप्रनवाली असल्याशिवाय त्यांच्या सभ्यपणाला किंमत येत नाही.

माफीची रीतही बघण्यासारखी आहे. ग्रिअरसन घराण्याची लेक दान घेणार नाही. मग कर्नलने एक कहाणी रचली: तुमच्या वडिलांनी एकेकाळी गावाला पैसे उसने दिले होते, ते गाव असे फेडतंय. सांगणारा म्हणतो, अशी कहाणी त्या पिढीच्या पुरुषालाच सुचावी आणि बाईनेच तिच्यावर विश्वास ठेवावा. म्हणून काकांना ठराव सापडत नाही. माफी शब्दावर होती, आणि पुढची पिढी वसुलीला आली तेव्हा शब्द देणारा मरून जवळजवळ दहा वर्षं झाली होती. बाई मात्र शिष्टमंडळाला सांगतात, कर्नल सार्टोरिसना विचारा.

कर्नलला खऱ्या आयुष्यातला एक आधार आहे. फॉकनरचे पणजोबा विल्यम क्लार्क फॉकनर युद्धात कॉन्फेडरेट सैन्यात कर्नल होते. नंतर त्यांनी रेल्वे बांधली, कादंबरी लिहिली आणि १८८९मध्ये जुन्या भागीदाराने त्यांना भर रस्त्यात गोळी घातली. घरात ते दैवतच होते. ज्या कर्नलच्या गोष्टी ऐकत आपण वाढलो, त्याच्याच सावलीतल्या माणसाच्या नावावर हे फर्मान टाकायचं, याला धीर लागतो.

एप्रनचा नियम मोडला तर काय होत असेल, हे कथा सांगत नाही. पण फॉकनर अकरा वर्षांचा होत होता तेव्हा, सप्टेंबर १९०८मध्ये, ऑक्सफर्डच्या जमावाने तुरुंग फोडून एका काळ्या कैद्याला ठार मारलं आणि प्रेत चौकात टांगलं. त्याच्या एक वर्ष आधी तिथेच तो पुतळा उभा राहिला होता.

पायरी ५: कायदा दारापर्यंत येतो आणि परत जातो

आता समासातली टिंबं गोळा करा. यातल्या बऱ्याच वस्तू काळ सांगणाऱ्या आहेत आणि बहुतेकींना कुठे ना कुठे कायदा चिकटलेला आहे.

घरापासून सुरू करा. हे युद्धाआधीच्या मळेवाल्याचं घर आहे असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडेल. मजकूर वेगळं सांगतो: लाकडी, चौकोनी, एकेकाळी पांढरं, घुमट-कळस-सज्जे यांनी सजवलेलं, १८७०च्या दशकातल्या धाटणीचं. म्हणजे ज्या घराला गाव 'जुन्या वैभवा'ची खूण मानतं, ते पराभवानंतरच्या फॅशनचं आहे. त्या रस्त्यावरची बाकीची मोठी घरं मोटारींच्या गॅरेजनी आणि कापसाच्या जिनिंगनी गिळली. उरलं एकटं हेच.

मग फूटपाथ. गावाने पदपथ फरसबंद करायचा ठेका दिला आणि काळे मजूर, खेचरं, यंत्रं घेऊन उत्तरेचा मुकादम आला. होमर बॅरनबरोबर एमिलीबाई रविवारी पिवळ्या चाकांच्या भाड्याच्या बग्गीतून फिरू लागल्या, यात गावाला एवढं काय लागलं? एक तर तो यांकी. ज्यांनी चौक जाळला त्यांच्याकडचा. दुसरं, तो रोजंदारीचा माणूस. तिसरं, लग्नाचं काही नाव नाही, आणि तो स्वतःच क्लबात सांगत फिरतो की आपण लग्न करणाऱ्यांतले नाही. गावातल्या बायकांनी बाप्टिस्ट पाद्र्याला समज द्यायला पाठवलं. इथे एक बारकावा आहे: ग्रिअरसन एपिस्कोपल पंथाचे. तिकडे जुन्या, प्रतिष्ठित घराण्यांचा ओढा त्या पंथाकडे असे, बाप्टिस्ट म्हणजे सर्वसाधारण लोकांचा पंथ. दुसऱ्याच पंथाचा पाद्री मोठ्या घरच्या बाईला शिकवायला गेला. आत काय झालं ते त्याने कधीच सांगितलं नाही आणि पुन्हा जायला साफ नकार दिला. मग त्याच्या बायकोने अलाबामातल्या नातेवाइकांना पत्र लिहिलं. गाव आणि चाळ यांच्यात फरक नसतो.

आता औषधांचं दुकान. दुकानदार सांगतो, सोमल कशाला हवाय ते विचारावं लागतं, कायदा आहे. बाई उत्तर देत नाहीत, नुसत्या बघत राहतात. तो नजर चुकवून आत जातो, पुडकं पोऱ्याच्या हाती बाहेर पाठवतो, स्वतः येत नाही. घरी जाऊन उघडलं तर डब्यावर कवटीच्या खुणेखाली लिहिलेलं: उंदरांसाठी. कायद्याला हवं होतं ते कारण दुकानदारानेच भरून टाकलं.

मग वास. शेजारी तक्रार करतात. नगरसेवकांतला एक तरुण म्हणतो, सोपं आहे, घर साफ करा म्हणून कळवा, मुदत द्या. ऐंशी वर्षांचे जज्ज स्टीव्हन्स उसळतात: सभ्य बाईला तिच्या तोंडावर सांगणार का, की तुमच्या घराला वास येतो? शेवटी रात्री बारानंतर चार पुरुष चोरासारखे आवारात शिरतात, जोत्याच्या भेगा हुंगतात, तळघरात चुना भुरभुरतात. खिडकीत दिवा लागतो. बाई तिथे मूर्तीसारख्या बसलेल्या. आठवड्या-दोन आठवड्यांत वास गेला.

आणि टपाल. घरोघर टपाल सुरू झालं तेव्हा दारावर नंबर आणि पेटी लावू द्यायला नकार देणाऱ्या त्या एकट्याच. तेही गावाने सोडून दिलं.

घरपट्टीला ठराव नाही, सोमलाला कारण नाही, वासाला नोटीस नाही, दाराला नंबर नाही. याच्या उलट एकच प्रसंग आहे. वडिलांचं प्रेत तीन दिवस घरात ठेवलं तेव्हा गाव कायदा आणि बळ वापरायच्या बेतात आलं होतं, आणि नेमक्या त्या क्षणी बाई कोसळल्या आणि त्यांनी प्रेत नेऊ दिलं. कायदा खरोखर दारात उभा राहिला तो त्या एकाच वेळी, आणि चालला. पुढच्या वेळी गावाने चुना आणला. माझ्या मते ही कथा वेड्या बाईची जेवढी आहे, त्याहून जास्त या सवलतीची आहे.

पायरी ६: 'आम्ही' कोण?

सांगणाऱ्याला नाव नाही, वय नाही, तो पुरुष की बाई तेही कळत नाही. तो 'आम्ही' म्हणतो. आम्हाला वाईट वाटलं, आम्हाला बरं वाटलं, आम्ही म्हटलं आता या विष खाणार आणि तेच योग्य होईल. बाईंनी होमरसाठी चांदीचा हजामतीचा संच घेतला तेव्हा 'आम्ही' खूश. होमर संध्याकाळी मागच्या दाराने आत गेला आणि पुन्हा दिसला नाही, तेही एका शेजाऱ्याने पाहिलं होतं.

पेन्सिल घ्या आणि 'आम्ही'खाली सरळ रेघ, 'ते'खाली नागमोडी रेघ ओढत जा. शेवटच्या भागात गंमत दिसते. आधीचं वाक्य असं आहे की माडीवर एक खोली आहे, ४० वर्षांत कुणी न पाहिलेली, दार फोडावं लागेल, हे 'आम्हाला' आधीच माहीत होतं. पुढच्याच वाक्यात दार उघडणारे मात्र 'ते' आहेत, आणि बाईंना रीतसर मूठमाती देईपर्यंत 'ते' थांबले. मग आत गेल्यावर पलंगाकडे बघत उभे राहतात ते पुन्हा 'आम्ही'. माहीत आम्हाला, फोडलं त्यांनी, पाहिलं आम्ही. दुसऱ्या पायरीवरच्या वजाबाकीचं उत्तर इथे आहे.

पायरी ७: १९३०

ही पायरी चटकन उरकता येते. कथा ३० एप्रिल १९३०च्या 'द फोरम' मासिकात आली. राष्ट्रीय पातळीवरच्या मासिकात छापून आलेली फॉकनरची ही पहिली कथा. वॉल स्ट्रीट कोसळून सहा महिने झाले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिणेतल्या बारा लेखकांनी यंत्रयुगाविरुद्ध, जुन्या शेतकी जीवनाच्या बाजूने जाहीरनामा काढला. म्हणजे गतकाळाच्या कुरणात राहावं की नाही, हा तेव्हा तिकडे ताजा वाद होता. आणि गंमत म्हणजे याच वर्षी फॉकनरने स्वतः ऑक्सफर्डमधलं युद्धाआधीचं, वीज-नळ नसलेलं पडकं घर विकत घेतलं आणि पुढे आयुष्यभर त्याची डागडुजी करत राहिला.

काळाची मोडतोड हे आधुनिकतावाद्यांचं हत्यार आहेच, पण इथे त्याला साधं कामही आहे. हीच कथा सरळ क्रमाने सांगितली असती तर सोमल, वास, चुना ओळीने आले असते आणि तिसऱ्या पानावर कुणालाही कळलं असतं. गावाला सरळ क्रम नकोच आहे.

गुलाब कथेत कुठेच दिला जात नाही. खोलीत उडालेल्या गुलाबी रंगाचे पडदे आणि गुलाबी झाकणांचे दिवे आहेत, बस. फॉकनर पुढे एवढंच म्हणाला की या बाईच्या वाट्याला जे आलं त्याला केलेला तो सलाम आहे. परीक्षेत विचारलं तर यावर दोन पानं लिहिता येतात. एरवी पुढे जा.

पायरी ८: दुसरं वाचन, फक्त टोबसाठी

आता कथा पुन्हा वाचा आणि एकाच माणसावर नजर ठेवा. एमिलीबाईंचा काळा नोकर. स्वयंपाकी, माळी, दरवान सगळं तोच. त्याचं नाव आपल्याला कळतं ते बाई त्याला हाक मारतात म्हणून. गाव त्याला नावाने ओळखत नाही.

वडील गेले तेव्हा तो तरुण होता. वास आला तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या, पुरुषाला कुठे स्वयंपाकघर नीट ठेवता येतं! दोष लगेच त्याच्यावर. वर्षामागून वर्षं तो बाजाराची टोपली घेऊन जाता-येताना दिसतो, केस पिकत जातात, पाठ वाकत जाते. गाव त्याच्याकडून माहिती काढायचा प्रयत्न करून थकतं. तो कुणाशी बोलत नाही, बहुधा बाईंशीही नाही, कारण आवाज न वापरल्यासारखा गंजून गेलेला.

त्या घरात माडीवर जाणारा जिना आहे, बंद खोली आहे आणि ४० वर्षं दोनच माणसं आहेत. त्याला काय माहीत होतं? आणि माहीत असलं तर १८९४च्या, १९०८च्या त्या गावात तो कुणाकडे जाऊन सांगणार होता? जज्ज स्टीव्हन्सकडे?

बाईंच्या मरणानंतर पहिल्या बायका येतात, कुजबुजत, भराभर डोळे फिरवत. तो पुढचं दार उघडून त्यांना आत घेतो. मग घरातून चालत मागच्या दाराने बाहेर पडतो आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. या दोन वाक्यांखाली रेघ ओढा. त्याला शोधायला कुणी गेलं का, हे 'आम्ही' सांगत नाही.